ब्रिटनचा राजा, संसद आणि पंतप्रधान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश राज्यव्यवस्थेविषयी मराठी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; जेथे दोन प्रश्नांचा विषय एकमेकांत मिसळतो, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. ब्रिटनमध्ये राजा आहे. मग त्या देशाला लोकशाही कसे म्हणायचे?

राज्यकारभार राजाच्या नावाने चालतो, परंतु तो चालवणारे मंत्री लोकांनी निवडलेल्या हाउस ऑफ कॉमन्सला जबाबदार असतात, आणि त्या सभागृहाचा विश्वास गमावलेले सरकार टिकू शकत नाही. ही स्थिती एका दिवसात आली नाही. 1649 मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, 1660 मध्ये राजेशाही परत आली, आणि 1688 मध्ये दुसऱ्या जेम्सला देश सोडावा लागल्यानंतर संसदेने 1689 च्या अधिकारांच्या सनदेत राजाचे हात कायद्याने बांधले: संसदेच्या संमतीवाचून कायदा स्थगित करायचा नाही, कर बसवायचा नाही, शांततेच्या काळात खडे सैन्य बाळगायचे नाही. 1701 च्या कायद्याने तर गादीवर कोणी बसावे हेही संसदेनेच ठरवले. तेव्हापासून ब्रिटनचा राजा हा संसदेच्या कायद्याने राजा आहे, आणि या पानावरील बहुतेक उत्तरांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

2. राजाच्या हातात प्रत्यक्षात कोणते अधिकार उरले आहेत?

कागदावर ते फार मोठे आहेत: पंतप्रधानाची नेमणूक, संसद बोलावणे व विसर्जित करणे, विधेयकांना संमती, युद्धाची घोषणा, करार, क्षमादान. व्यवहारात यांतला जवळजवळ प्रत्येक अधिकार मंत्र्यांच्या सल्ल्याने वापरला जातो, आणि तो सल्ला राजावर बंधनकारक मानला जातो. संसदेच्या उद्घाटनाच्या वेळी राजा सिंहासनावरून जे भाषण वाचतो, त्याचा मजकूर सरकार लिहिते. राजाला तो पटो वा न पटो, तो वाचावाच लागतो.

राजाकडे उरतो तो प्रभाव. ब्रिटिश राज्यव्यवस्थेचे भाष्यकार वॉल्टर बॅजेट यांनी 1867 मध्ये राजाचे तीन हक्क सांगितले होते: सल्ला विचारला जाण्याचा, प्रोत्साहन देण्याचा आणि सावध करण्याचा. पंतप्रधान साधारणपणे दर आठवड्याला राजाची भेट घेतो. त्या भेटीला तिसरे कोणी नसते आणि तेथील बोलणे बाहेर येत नाही. दुसऱ्या एलिझाबेथ राणीने सत्तर वर्षांत विन्स्टन चर्चिलपासून लिझ ट्रसपर्यंत पंधरा पंतप्रधान पाहिले. इतक्या अनुभवाच्या व्यक्तीने विचारलेला साधा प्रश्नही नव्या पंतप्रधानाला विचार करायला लावू शकतो. मात्र हा प्रभाव गुप्त असल्यामुळे त्याचे मोजमाप नागरिकाला करता येत नाही, आणि या व्यवस्थेवरचा तो गंभीर आक्षेप आहे असे मला वाटते.

3. ब्रिटनला लिखित राज्यघटना नाही, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. एका ग्रंथात संहिताबद्ध केलेली राज्यघटना नाही, परंतु तिचा बराचसा भाग कायद्यांत आणि न्यायालयीन निर्णयांत लिहिलेलाच आहे. अलिखित आहेत ते संकेत, म्हणजे ज्यांच्या भंगासाठी न्यायालयात जाता येत नाही पण जे सर्व पक्ष पाळतात असे नियम, आणि नेमके सर्वांत महत्त्वाचे नियम याच गटात मोडतात. पंतप्रधान कॉमन्सचा सदस्य असावा, राजाने मंत्र्यांचा सल्ला मानावा, विश्वास गमावलेल्या सरकारने पायउतार व्हावे किंवा मतदारांकडे जावे, हे सारे मुख्यतः संकेतांवर उभे आहे.

भारतीय वाचकाला यातला फरक लवकर कळेल. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार वागावे ही कल्पना आपण वेस्टमिन्स्टरकडूनच घेतली, पण ती अनुच्छेद 74 मध्ये लिहून ठेवली आणि 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने तो सल्ला स्पष्ट शब्दांत बंधनकारक केला. शिवाय आपले सर्वोच्च न्यायालय संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द करू शकते. ब्रिटनमध्ये संसद सार्वभौम आहे. 1998 च्या मानवी हक्क कायद्यानुसार न्यायालय फार तर एखादा कायदा मानवी हक्कांशी विसंगत असल्याचे जाहीर करू शकते, पण तो कायदा लागूच राहतो आणि बदलायचा की नाही हे संसद ठरवते. साध्या बहुमताने जवळजवळ काहीही बदलता येते, ही या व्यवस्थेची लवचीकता आहे आणि तिचा धोकाही तोच आहे.

4. पंतप्रधानाची निवड कोण करते?

नेमणूक राजा करतो, पण निवडीला वाव बहुधा नसतो: कॉमन्सचा विश्वास मिळवू शकेल अशी सर्वाधिक शक्यता ज्या व्यक्तीची आहे, तिलाच बोलवावे लागते. भारतात लोकसभेत नव्या सरकारने विश्वासमत घ्यावे असा आग्रह अनेकदा होतो. ब्रिटनमध्ये नेमणुकीपूर्वी सभागृहात मतदान होत नाही.

पूर्वी राजाला खरी निवड करावी लागत असे. 1923 मध्ये पंचम जॉर्ज यांनी लॉर्ड कर्झन यांना, म्हणजे बंगालची फाळणी करणाऱ्या त्याच माजी व्हाइसरॉयना, डावलून स्टॅन्ली बॉल्डविन यांना पंतप्रधान केले. कर्झन हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या न निवडलेल्या सरदारांच्या सभागृहात, बसत होते आणि मुख्य विरोधी पक्ष झालेल्या मजूर पक्षाला तेथे जवळजवळ स्थान नव्हते, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. 1963 मध्येही हुजूर पक्षातील चाचपणीनंतर राणीने लॉर्ड होम यांना बोलावले. त्यांनी सरदारकीचा त्याग केला आणि स्कॉटलंडमधील पोटनिवडणूक लढवून ते कॉमन्समध्ये आले. मधले काही दिवस ब्रिटनचा पंतप्रधान दोन्ही सभागृहांपैकी एकाचाही सदस्य नव्हता. त्या प्रकरणानंतर 1965 पासून हुजूर पक्षाने आपला नेता मतदानाने निवडायला सुरुवात केली आणि राजाच्या डोक्यावरचे हे ओझे उतरले.

5. एक तृतीयांश मतांवर दोन तृतीयांशांच्या जवळ जागा कशा मिळतात?

कॉमन्सच्या 650 जागांसाठी भारतासारखीच पद्धत आहे: मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, मग ती निम्म्याहून कितीही कमी असोत. 4 जुलै 2024 च्या निवडणुकीत मजूर पक्षाला 33.7 टक्के मतांवर 411 जागा मिळाल्या. रिफॉर्म यूके पक्षाला 14.3 टक्के मते मिळूनही फक्त 5 जागा मिळाल्या, तर लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, 12.2 टक्के मतांवर 72. एका पक्षाची मते देशभर पातळ पसरलेली होती आणि दुसऱ्याची जिंकता येण्याजोग्या मतदारसंघांत एकवटलेली होती, एवढाच तो फरक.

ही पद्धत बदलून पसंतिक्रमाने मतदान करावे का, असे 5 मे 2011 च्या सार्वमतात विचारले गेले तेव्हा सुमारे 68 टक्के मतदारांनी नकार दिला. म्हणून पद्धतीला लोकांची मान्यता नाही असे म्हणता येत नाही. पण प्रश्न 3 मधील सार्वभौम संसद आणि ही मतदान पद्धत एकत्र ठेवून पाहिल्यास हे दिसते की एक तृतीयांश मतदारांचा पाठिंबा असलेले सरकार, पक्षाची शिस्त टिकली तर, कायद्यात जवळजवळ हवे ते बदल करू शकते. ब्रिटिश लोकशाहीची चिंता करणाऱ्याने राजमुकुटाऐवजी आधी या गोष्टीकडे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

6. सभागृह त्रिशंकू झाले तर राजा कोणाला बोलावतो?

राजा वाट पाहतो. सत्तेवर असलेला पंतप्रधान आपल्या पदावरच राहतो आणि पक्षांनी आपापसांत बोलून कोण बहुमत जमवू शकतो हे ठरवावे, राजाला त्यात ओढू नये, असा संकेत आहे. सर्वांत मोठ्या पक्षाला पहिली संधी देण्याचे बंधन नाही.

6 मे 2010 च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला 306, मजूर पक्षाला 258 आणि लिबरल डेमोक्रॅट्सना 57 जागा मिळाल्या. गॉर्डन ब्राउन हरल्यावरही खुर्चीला चिकटून बसल्याची टीका तेव्हा झाली, पण ती अन्यायाची होती. देशाला सरकार असावे म्हणून दुसरा पर्याय स्पष्ट होईपर्यंत थांबणे हे त्यांचे कर्तव्यच होते. 11 मे रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि डेव्हिड कॅमेरून यांनी लिबरल डेमोक्रॅट्सबरोबर आघाडी सरकार बनवले. 2017 मध्ये थेरेसा मे यांनी आघाडी न करता उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या 10 सदस्यांचा बाहेरून पाठिंबा घेतला. ही रीत आपल्या ओळखीचीच आहे.

7. निवडणूक न होता पंतप्रधान बदलतो. हे लोकशाहीत बसते का?

बसते, कारण मतदार कायद्याने पंतप्रधान निवडत नाहीत, आपल्या मतदारसंघाचा सदस्य निवडतात. 2022 मध्ये बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक असे तीन पंतप्रधान एका वर्षात झाले. संसद तीच, 2019 मध्ये निवडलेली होती. ट्रस यांना हुजूर पक्षाच्या 81,326 सभासदांनी निवडून दिले आणि त्या 49 दिवस पदावर राहिल्या. सुनक यांच्यासमोर शेवटी उमेदवारच उरला नाही, त्यामुळे सभासदांचे मतदान झालेच नाही.

येथे खरी अडचण निराळी आहे. पक्षाचे खासदार नेता निवडतात तेव्हा निदान ते लोकांनी निवडलेले असतात. वर्गणी भरणारे पक्षसभासद कोणालाच जबाबदार नसतात. विरोधी बाकांवरच्या पक्षासाठी ही पद्धत ठीक आहे, पण सत्तेवर असताना तिच्यामुळे देशाचा पंतप्रधान ठरतो, आणि खासदारांचा ज्याच्यावर पुरेसा विश्वास नाही असा नेता त्यांच्यावर लादला जाऊ शकतो.

8. सरकारचे विधेयक फेटाळले गेले तर सरकार पडते का?

आपोआप पडत नाही. 15 जानेवारी 2019 रोजी थेरेसा मे यांचा युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार 432 विरुद्ध 202 मतांनी फेटाळला गेला. इतका मोठा पराभव होऊनही दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठराव 325 विरुद्ध 306 असा नामंजूर झाला आणि सरकार टिकले. धोरणावरचा नकार आणि सरकारवरचा अविश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अविश्वास मात्र एका मतानेही पुरतो: 28 मार्च 1979 रोजी जेम्स कॅलाहन यांचे सरकार 311 विरुद्ध 310 मतांनी पडले आणि त्यानंतरच्या निवडणुकीत मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या.

पक्षांतर्गत अविश्वास हा तिसराच प्रकार आहे. त्यात नेता पक्षाचे नेतेपद गमावतो. पंतप्रधानपद त्यानंतर सोडले जाते, पण उत्तराधिकारी ठरेपर्यंत तो बहुधा पदावर राहतो.

9. न निवडलेले हाउस ऑफ लॉर्ड्स कायदे अडवू शकते का?

उशीर करू शकते, बहुतेक वेळा अडवू शकत नाही. 1909 चा अर्थसंकल्प लॉर्ड्सने फेटाळल्यानंतर झालेल्या संघर्षातून 1911 चा संसद कायदा आला आणि 1949 च्या कायद्याने तो अधिक कडक झाला. अर्थविषयक विधेयक लॉर्ड्स एक महिनाच रोखू शकते, इतर बहुतेक विधेयके सुमारे वर्षभर. शिकारी कुत्रे घेऊन कोल्ह्यांची शिकार करण्यावर बंदी घालणारा 2004 चा कायदा लॉर्ड्सच्या संमतीवाचून याच मार्गाने झाला. शिवाय सत्ताधारी पक्षाने जाहीरनाम्यात दिलेल्या वचनाचे विधेयक लॉर्ड्सने दुसऱ्या वाचनात फेटाळू नये, असा 1945 पासूनचा संकेत आहे.

एका बाबतीत मात्र लॉर्ड्सचा नकाराधिकार पूर्ण शाबूत आहे: संसदेची मुदत पाच वर्षांपलीकडे वाढवणारे विधेयक त्या सभागृहाच्या संमतीशिवाय कायदा होऊ शकत नाही. बहुमतातल्या सरकारने निवडणुकाच पुढे ढकलू नयेत यासाठीचा हा शेवटचा अडसर न निवडलेल्या सभागृहाच्या हाती आहे. दुसऱ्या महायुद्धात मुदतवाढीला सर्वांची संमती होती, म्हणून 1935 मध्ये निवडलेले सभागृह 1945 पर्यंत चालले.

वंशपरंपरेने बसणाऱ्या सरदारांपैकी 92 वगळता बाकीच्यांचा हक्क 1999 मध्ये संपला, आणि उरलेल्यांनाही बाहेर काढणारे विधेयक मजूर सरकारने 2024 मध्ये मांडले. आजच्या लॉर्ड्समध्ये मुख्यतः तहहयात नेमलेले सदस्य आणि चर्च ऑफ इंग्लंडचे 26 बिशप बसतात.

10. राजाने एखाद्या विधेयकावर सही करायला नकार दिला तर?

शेवटचा नकार 1708 मध्ये अ‍ॅन राणीने स्कॉटलंडच्या नागरी सेनेच्या विधेयकाला दिला होता, आणि तोही मंत्र्यांच्या सल्ल्याने. आज राजाने स्वतःच्या मतावर नकार दिला तर त्या दिवशी प्रश्न विधेयकाचा राहणार नाही, राजेशाहीचा होईल.

यात एक पोटप्रकार आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. ज्या विधेयकामुळे राजाच्या विशेषाधिकारांवर किंवा राजघराण्याच्या मिळकतीवर परिणाम होतो, त्यावर संसदेत पुढे जाण्यापूर्वीच राजाची वेगळी अनुमती घ्यावी लागते. तीही सरकारच्या सल्ल्यानेच दिली वा नाकारली जाते. 1999 मध्ये इराकवरील लष्करी कारवाईसाठी संसदेची मंजुरी आवश्यक करणारे टॅम डॅलियल यांचे खासगी विधेयक अशाच रीतीने थांबले. राणीची अनुमती सरकारच्या सल्ल्याने रोखली गेली. अधिकार राजाचा आणि त्याचा उपयोग मंत्र्यांना, असे हे उदाहरण आहे. माझ्या मते ही प्रथा बंद व्हायला हवी, कारण सरकारला नको असलेले विधेयक हाणून पाडायचे असेल तर ते सभागृहात मतांनी पाडावे.

11. पंतप्रधान हवी तेव्हा संसद बंद करू शकतो का?

येथे दोन क्रिया वेगळ्या समजून घ्याव्या लागतात. विसर्जन म्हणजे संसदेचा शेवट आणि नवी निवडणूक. संस्थगन म्हणजे फक्त अधिवेशनाचा शेवट. विसर्जनाचा अधिकार 2011 च्या कायद्याने राजाकडून काढून मुदत निश्चित केली होती, पण तो कायदा 2022 मध्ये रद्द होऊन अधिकार पुन्हा राजाकडे, म्हणजे व्यवहारात पंतप्रधानाकडे आला. पंतप्रधानाने काहीच केले नाही तर संसद पहिल्या बैठकीपासून पाच वर्षांनी आपोआप विसर्जित होते.

संस्थगनाची मर्यादा 2019 मध्ये उघड झाली. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची तारीख जवळ आली असताना बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीने संसद पाच आठवडे संस्थगित केली. 24 सप्टेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींनी एकमताने तो सल्ला बेकायदेशीर ठरवला, कारण संसदेला आपले घटनात्मक काम करण्यापासून विनाकारण रोखले गेले होते. संस्थगन मुळात झालेच नाही असे मानले गेले आणि दुसऱ्या दिवशी सभागृह भरले. राणीने सल्ला मानून संकेत पाळला, पंतप्रधानाने चुकीचा सल्ला दिला, आणि सुधारणा न्यायालयाने केली. संकेतांवर चालणाऱ्या व्यवस्थेत राजा हा संरक्षक भिंत ठरेल अशी अपेक्षा किती चुकीची आहे, हे त्या पाच आठवड्यांनी दाखवले.

12. राजा सरकार बरखास्त करू शकतो का?

ब्रिटनमध्ये हे शेवटचे घडले ते 1834 मध्ये, चौथ्या विल्यम यांनी लॉर्ड मेलबर्न यांचे मंत्रिमंडळ घालवले तेव्हा. पुढच्याच वर्षी मेलबर्न पुन्हा पंतप्रधान झाले, आणि राजाची झालेली शोभा पुढच्या सर्व राजांनी ध्यानात ठेवली. ऑस्ट्रेलियात मात्र 11 नोव्हेंबर 1975 रोजी गव्हर्नर-जनरल जॉन केर यांनी राणीचे प्रतिनिधी या नात्याने गॉफ व्हिटलम यांचे सरकार बरखास्त केले होते. तो अधिकार अजून मेलेला नाही असे मानणारे अभ्यासक याच घटनेकडे बोट दाखवतात.

13. राजा मतदान करतो का?

नाही. कायद्याची स्पष्ट बंदी नसली, तरी राजाने मत देणे घटनाविरोधी समजले जाते. पक्षीय मत जाहीर करणेही तसेच वर्ज्य आहे.

14. राजघराण्याचा खर्च कोण देते?

1760 मध्ये तिसऱ्या जॉर्ज यांनी राजमुकुटाच्या मिळकतींचे उत्पन्न सरकारजमा केले आणि बदल्यात संसदेकडून ठरावीक रक्कम घेतली. आज 2011 च्या कायद्यानुसार त्या मिळकतींच्या नफ्याच्या काही टक्क्यांइतके अनुदान मिळते; सध्या हे प्रमाण 12 टक्के आहे. समुद्रातील पवनऊर्जेच्या करारांमुळे नफा वाढला, म्हणून 2024-25 मध्ये 8.63 कोटी पौंड असलेले अनुदान 2025-26 साठी 13.21 कोटी पौंड झाले. सुरक्षेचा खर्च यात धरलेला नाही. या मिळकती राजाच्या खासगी मालकीच्या नाहीत. त्यामुळे "राजा देशाला पैसे देतो" हा नेहमीचा युक्तिवाद टिकत नाही.

15. राजा आजारी पडला किंवा त्याला गादी सोडायची असेल तर?

तात्पुरत्या अडचणीत राजघराण्यातील ठरावीक व्यक्ती राजाच्या वतीने कागदपत्रांवर सह्या करतात. 2022 च्या कायद्याने त्यांत राजकुमारी अ‍ॅन आणि राजपुत्र एडवर्ड यांची भर पडली. राजा पूर्ण अक्षम झाल्यास 1937 च्या कायद्यानुसार राजप्रतिनिधी नेमला जातो. गादी सोडणे मात्र राजाच्या एकट्याच्या इच्छेवर नाही. आठव्या एडवर्ड यांनी 10 डिसेंबर 1936 रोजी त्यागपत्रावर सही केली, पण ते अमलात आले दुसऱ्या दिवशी संसदेने कायदा केल्यावर.

16. मी भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहतो. मला तेथे मत देता येते का?

होय. शिकणाऱ्या किंवा नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांना याची अनेकदा कल्पनाच नसते. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे वैध परवान्यावर तेथे राहणारा प्रौढ भारतीय नागरिक मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो आणि संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. ब्रिटिश नागरिकत्व घेण्याची गरज नाही. केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते आणि भारतीय पासपोर्ट त्यासाठी चालतो. निवडणूक लढवायची असेल तर कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना हवा.

हा संबंध जुना आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले दादाभाई नौरोजी 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून उदारमतवादी पक्षातर्फे निसटत्या बहुमताने निवडून आले. त्यांच्यानंतर 1895 मध्ये मंचरजी भावनगरी हुजूर पक्षातर्फे आणि 1922 मध्ये शापुरजी सकलातवाला बॅटरसीतून कॉमन्समध्ये पोहोचले. तिघेही पारशी, तिघांचाही मुंबईशी घट्ट संबंध, आणि तिघांची राजकीय मते एकमेकांहून अगदी निराळी होती.

17. ब्रिटनला राजेशाही रद्द करायची झाली तर काय करावे लागेल?

कायद्याच्या दृष्टीने संसदेचा कायदा पुरेसा आहे, आणि त्याच्यावर संमतीची सही त्याच राजाला करावी लागेल ज्याचे पद तो कायदा संपवतो. इतका मोठा निर्णय सार्वमताशिवाय घेतला जाईल असे मात्र कोणी मानत नाही. खरे काम त्यानंतरचे आहे: प्रश्न 2 मध्ये सांगितलेले सारे अधिकार कोणाकडे जाणार, राष्ट्रप्रमुख कोण निवडणार आणि आजवर संकेतांवर सोपवलेले किती नियम लिहून काढावे लागणार, हे ठरवावे लागेल. चार्ल्स तृतीय ब्रिटनखेरीज कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जमैका अशा 14 देशांचेही राजे आहेत, आणि ब्रिटनच्या कायद्याने तेथील राजेशाही संपणार नाही. त्या प्रत्येकाला स्वतःच्या राज्यघटनेप्रमाणे निर्णय घ्यावा लागेल, जसा बार्बाडोसने 30 नोव्हेंबर 2021 रोजी प्रजासत्ताक होऊन घेतला.